तळटीप : ‘मरीना’

‘मरीना’ हा शब्द एरवी समुद्रकाठच्या नौकातळासाठी रूढ असला, तरी येथे तो इंग्लंडमधील कालव्यांलगतच्या, मुख्य पात्राला अरुंद तोंडाने जोडलेल्या लहान तळ्याला उद्देशून आला आहे. ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन हे कालवे जेथे मिळतात त्या नॉर्थम्प्टनशरमधील ब्राउन्स्टनची मरीना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे लागणारी ‘नॅरोबोट’ सुमारे ७ फूट रुंदीच्या लॉकमधून, म्हणजे होडी वरच्या वा खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, जावी म्हणून जेमतेम ६ फूट १० इंच रुंद, पण कधी ७० फूट लांब असते. अशी होडी अनेकांचे बारमाही घर असल्याने मरीनातील सोयी बंदरापेक्षा वस्तीला साजेशा असतात : टाकी भरायला पाण्याचा नळ, धक्क्यावरून होडीत घेतलेली वीज, डिझेल, कपडे धुण्याची खोली आणि प्रवासवर्णनकार ज्याविषयी सहसा मौन पाळतात ते शौचटाकी पंपाने उपसण्याचे ठिकाण. पोलादी तळ गंजू नये म्हणून होडी दर काही वर्षांनी पाण्याबाहेर काढून, खरवडून, तिला काळा लेप देतात. ज्या होडीला मरीनासारखी मुक्कामाची कायमची जागा नाही, तिला १९९५च्या कायद्यानुसार एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा अधिक काळ सहसा थांबता येत नाही.