गुलाब, भेंडी आणि क्रॉसिंग

जालना जिल्ह्यात कपाशीच्या सीड प्लॉटवर दुपार कलली की बाया मादीच्या ओळींत शिरतात. उद्या उमलेल अशी कळी हेरायची, नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलायची, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नराचं फूल आणून त्यावर पराग फिरवायचे. याला इथे सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बक्षिसं जिंकणारे हायब्रिड टी गुलाबही याच हातकामातून येतात.

या गुलाबांत पहिला मानतात ल्योंच्या गीयो यांचा ‘ला फ्रान्स’, 1867 चा. तो मात्र आपसूक झालेल्या रोपातून निवडलेला. त्याचे आईबाप आजही नक्की ठाऊक नाहीत. ठरवून जोड्या लावल्या त्या इंग्लंडच्या हेन्री बेनेट यांनी. ते गुरांची पैदास करणारे शेतकरी. वळूची कुळी पाहतात तशी त्यांनी गुलाबाची पाहिली आणि 1879 मध्ये आईबाप माहीत असलेले दहा संकर विक्रीला आणले. फ्रान्सिस मेयाँ यांच्या ‘पीस’ला 1946 मध्ये ऑल-अमेरिका पुरस्कार मिळाला, तो याच वाटेवरचा.

आपल्याकडे ही वाट रुळवली डॉ. बी. पी. पाल यांनी. गव्हाचे संशोधक, दिल्लीच्या पुसा संस्थेचे 1950 पासून संचालक, आणि गुलाबाचं विलक्षण वेड. त्यांचा पांढराशुभ्र ‘डॉ. होमी भाभा’ 1968 चा. त्यांच्याच कारकिर्दीत पुसात हरभजन सिंग यांनी बंगालच्या एका वाणाशी ‘पुसा मखमली’चा संकर करून ‘पुसा सावनी’ भेंडी काढली. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला ती त्या काळी दाद देत नसे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी तिचं बी पिकवायला घेतलं. 1964 मध्ये त्यांची बियाणे कंपनी महिको उभी राहिली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

गुलाबाचं एक रोप साधलं की काम फत्ते. खुंटावर डोळा भरत राहिलं की तोच गुलाब हवा तितका वाढतो. संकरित कपाशीचं तसं नाही. तिच्या बियांतून पुढच्या पिढीत गुण फाटतात, म्हणून क्रॉसिंग दरसाल नव्याने, कळी-कळी करून. जालन्याचा बियाण्याचा धंदा वाढला तो या बोटांवर. गुलाबाच्या नोंदीत आईबापाबरोबर पैदासकाराचंही नाव असतं. बियाण्याच्या पाकिटावर क्रॉसिंग करणारीचं नाव नसतं, हे मला खटकतं. लॉट नंबराच्या खाली त्याला एका ओळीची जागा पुरेल.