रोजनिशीतला लेखक खरा, की छापलेला?

युद्धकालीन जपानमधील तीन लेखकांविषयी. #थ्रेड

१/ हुकूमशाहीतील लेखकाविषयी आपण सहज गृहीत धरतो : छापले ते भयापोटी, मनात होते ते खरे. त्यामुळे मृत्यूनंतर रोजनिशी प्रकाशित झाली, की लेखक निर्दोष सुटतो. १९४१ ते १९४५ या काळातील जपानमध्ये हे गृहीतक टिकत नाही.

२/ भय खोटे नव्हते. १९२५ च्या शांतता संरक्षण कायद्याखाली विचारांसाठीही अटक होई. 'योकोहामा प्रकरणा'त साठेक संपादक, पत्रकार व अभ्यासक पकडले गेले. कोठडीत त्यांचा छळ झाला, काहींचा त्यात अंत झाला. जुलै १९४४ मध्ये 'चुओ कोरोन' आणि 'काइझो' ही प्रतिष्ठित मासिके बंद पाडण्यात आली.

३/ कादंबरीकार नागाई काफू युद्धाचे गोडवे गाण्यापासून दूर राहिले. रोजनिशीत मात्र ते लष्करशहांवर कठोर टीका करत. धाडीच्या भीतीने त्यांनी काही मजकूर कापून टाकला होता. जून १९४१ मध्ये एका जुन्या लेखकाचे निर्भीड लेखन वाचून त्यांना स्वतःची लाज वाटली. १० मार्च १९४५ च्या तोक्यो बॉम्बहल्ल्यात त्यांचे घर ग्रंथांसह जळाले. रोजनिशी तेवढी त्यांनी वाचवली.

४/ परंतु काफू एकटे राहत आणि पोटासाठी लिहिणे त्यांना भाग नव्हते. मौन पाळायलाही ऐपत लागते.

५/ पत्रकार कियोसावा कियोशी तरुणपणी अमेरिकेत राहिलेले, उदारमतवादी. ज्यांचे लेख मासिकांनी घेऊ नयेत अशा लेखकांच्या सरकारी यादीत १९४१ साली त्यांचे नाव आले. तरी जिथे वाव मिळे तिथे ते जपून लिहीत राहिले. डिसेंबर १९४२ पासून त्यांनी रोजनिशी ठेवली, ती युद्धोत्तर इतिहासलेखनाची साधनसामग्री म्हणून. तो इतिहास लिहिण्यापूर्वीच, मे १९४५ मध्ये ते वारले.

६/ आता इतो सेई. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चे जपानी भाषांतर करणाऱ्यांपैकी एक, पाश्चात्त्य साहित्यात मुरलेले. पर्ल हार्बरनंतरची त्यांची रोजनिशी उघडताना आपण छुपा विरोध शोधू लागतो. सापडतो तो उल्हास : गोऱ्या राष्ट्रांशी लढणे ही जपानची नियतीच, अशी श्रद्धा. हे त्यांच्याकडून कोणी लिहवून घेतले नव्हते.

७/ म्हणजे खासगी लेखन लेखकाला दोषमुक्त करील, तसेच दोषीही ठरवील. ते वाचण्यापूर्वीच निकाल ठरवून ठेवणे हा इतिहास नव्हे.

८/ आणखी एक. काफूंची वही कपाटात होती, कियोसावांची घरात. आघाडीवर निघालेल्या तरुणाच्या हाती मात्र फक्त छापील मासिक होते. म्हणून प्रश्न दोन आहेत, आणि ते वेगळेच ठेवावेत : लेखकाच्या मनात काय होते? आणि त्याच्या छापील शब्दांनी वाचकाचे काय केले? पहिल्याचे उत्तर रोजनिशीत मिळू शकते. दुसऱ्याचे तिथे कधीच मिळत नाही.