स्पायना बिफिडा आणि पालकत्व

स्पायना बिफिडा हा पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष होय. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू व मेरुरज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत पूर्ण न मिटल्यास तो उद्भवतो. मायलोमेनिंगोसील या त्याच्या तीव्र प्रकारात पायांचे बळ आणि मलमूत्रावरील नियंत्रण कमी-अधिक प्रमाणात नाहीसे होते. अशा मुलाचे संगोपन करणाऱ्या पालकांवर होणारे भावनिक व सामाजिक परिणाम हा बालरोगशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

अपराधभाव व शोक

निदानानंतर पालकांना, विशेषतः मातेला, अपराधी वाटू लागते. ग्रहण पाळले नाही, असा ठपका महाराष्ट्रात आजही काही घरांत सुनेवर ठेवला जातो. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. फॉलिक आम्लाने हा दोष बऱ्याच अंशी टळतो, हे ब्रिटनमधील १९९१ च्या चाचणीने सिद्ध केले. मात्र ही माहिती अपत्यजन्मानंतर मिळाल्यास तीही मनाला टोचत राहते. वास्तविक गोळ्या गर्भधारणेपूर्वीच सुरू कराव्या लागतात. आपण गर्भवती आहोत हे अनेक स्त्रियांना कळते, तोवर नलिका मिटण्याचा काळ उलटलेला असतो.

सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसंदर्भात 'दीर्घकालीन शोक' ही संकल्पना मांडली. ती येथेही लागू पडते. बरोबरीची मुले चालू लागतात, शाळेत जातात, तेव्हा शमलेले दुःख पुन्हा वर येते. हा मनाचा दुबळेपणा मानणे चुकीचे आहे.

दैनंदिन शुश्रूषा

पालकांना थकवतो तो प्रामुख्याने रोजचा क्रम. मूत्राशय रिकामे करण्यासाठी दिवसा साधारणतः दर तीन-चार तासांनी नळी घालावी लागते. नोकरी, प्रवास, लग्नकार्य, सारे या वेळापत्रकात बसवावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. परंतु नळी घालण्यासाठी शाळेत आडोशाची स्वच्छ जागा नसेल, तर आईलाच दुपारी शाळा गाठावी लागते. कपडे ओले होण्याच्या धास्तीने काही मुले पाणी पिणेच कमी करतात. त्यातून मूत्रसंसर्ग बळावतो.

अनेक मुलांना जलशीर्षही असते व डोक्यातील द्रव वाहून नेण्यासाठी शंट बसवावा लागतो. तो तुंबल्यास डोकेदुखी, उलटी, सुस्ती अशी लक्षणे दिसतात. साध्या तापातही हेच घडत असल्याने पालक सतत सावध राहतात. शंटच्या इतिहासातही एक पिता आहे. अमेरिकेतील तंत्रज्ञ जॉन होल्टर यांचा मुलगा केसी १९५५ मध्ये हा दोष घेऊन जन्मला. त्याच्यासाठी होल्टर यांनी सिलिकोनची झडप बनवली व ती १९५६ पासून वापरात आली. केसी बालपणीच दगावला; झडपेने इतर असंख्य मुलांचे प्राण वाचवले.

कुटुंब

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात या पालकांवरील मानसिक ताण इतरांपेक्षा अधिक आणि मातांमध्ये पित्यांहून जास्त आढळला. निरोगी भावंडांच्या वाट्याला पालकांचा वेळ कमी येतो, आणि त्याबद्दल ती सहसा तक्रार करीत नाहीत.

पौगंडावस्थेत मुलाने स्वतः नळी घालण्यास शिकणे आवश्यक असते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या आईला ते सोपवताना चुकीची व संसर्गाची भीती वाटते, तर मुलाला आईसमोर विवस्त्र होण्याचा संकोच वाटू लागलेला असतो. म्हणून हे शिक्षण शाळकरी वयातच, टप्प्याटप्प्याने सुरू करण्याचा सल्ला डॉक्टर देतात.