अंकीय छायाचित्रांचे जतन
अंकांच्या रूपात नोंदविलेली छायाचित्रे दीर्घकाळ वाचण्याजोगी ठेवण्याची पद्धती. मूळ साठा नष्ट झाल्यास उपयोगी पडावी म्हणून काढलेली राखीव प्रत आणि नित्य वापरातून बाजूला काढून कायम सांभाळावयाचा संग्रह, असे तिचे दोन भाग पडतात. काचेवरील किंवा फिल्मवरील प्रतिमा हळूहळू पुसट होते व तिचा उरलेला भाग नुसत्या डोळ्यांनीही पाहता येतो. अंकीय प्रतिमा मात्र योग्य यंत्र व आज्ञावली यांवाचून दिसतच नाही. त्यामुळे साठवणीच्या साधनाची निवड हा जतनाचा मुख्य प्रश्न बनला.

१९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्यात १७६ × १७६ चित्रबिंदू होते. १९७५ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेला कॅमेरा सु. १०,००० चित्रबिंदूंची कृष्णधवल प्रतिमा २३ सेकंदांत कॅसेटमधील चुंबकीय फितीवर नोंदवीत असे. पुढे चुंबकीय तबकड्या, लेखनक्षम सीडी व डीव्हीडी आणि फ्लॅश स्मृती ही साधने प्रचारात आली. यांपैकी एकही अक्षय नाही. चुंबकीय तबकडीचे फिरते भाग झिजतात, लेखनक्षम सीडीतील रंजकद्रव्य उष्णता व प्रकाश यांमुळे बिघडते, तर फ्लॅश स्मृतीतील विद्युत् भार दीर्घकाळात गळून जातो.

साधन टिकले, तरी ते वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर मालिकेतील पाच अवकाशयानांनी चंद्राची छायाचित्रे घेतली. पृथ्वीवर आलेले त्यांचे संकेत चुंबकीय फितींवर नोंदविण्यात आले. या फिती जपल्या गेल्या; परंतु त्या वाचणारी अँपेक्स बनावटीची यंत्रे दुर्मिळ व नादुरुस्त झाली होती. ती दुरुस्त केल्यावरच १९६६ मधील, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीची प्रतिमा २००८ मध्ये फितीवरून अंकीय रूपात मिळविता आली. फिती सांभाळताना यंत्रेही राखून ठेवली गेली नसती, तर हा संग्रह असून नसल्यासारखाच ठरला असता.

यावरून सर्वोत्तम साधन शोधण्यापेक्षा प्रतींची संख्या व त्यांचे स्थलांतर यांना महत्त्व आले. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेल्या नियमानुसार प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. आग, पूर वा चोरी यांपासून दूरची प्रत वाचते. दूरस्थ संगणकांवर जागा भाड्याने घेऊनही ही गरज भागते. मात्र तीही कायमची हमी नव्हे. कोडॅक गॅलरी ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली, तेव्हा अमेरिका व कॅनडा येथील ग्राहकांची छायाचित्रे दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करावी लागली.

अंकीय नोंदीची नक्कल मुळाशी तंतोतंत जुळते, हा तिचा मोठा गुण होय. प्रत्येक नोंदीची गणिती पडताळणी-संख्या जपून ठेवल्यास प्रतीत झालेला बदल ओळखता येतो व निर्दोष प्रतीवरून ती पुन्हा तयार करता येते. म्हणून ठराविक काळाने प्रती तपासणे, त्या नव्या साधनांवर उतरविणे आणि व्यक्ती, स्थळ व दिनांक यांची नोंद सोबत ठेवणे आवश्यक असते. फिल्म पेटीत ठेवून विसरली, तरी पुष्कळदा वाचते. अंकीय छायाचित्र मात्र प्रत्येक पिढीने पुढे नेले, तरच टिकते.