चोवीस रकान्यांचा हिशेब

गेल्या वर्षी एका परिसंवादासाठी निबंध देण्याचे मी कबूल केले आणि दिला नाही. संयोजकांना कळवले की सध्या लिहिण्याची मनःस्थिती नाही. संयोजक म्हणजे चळवळीत आयुष्य घालवलेले, सातवीपर्यंत शिकलेले एक वृद्ध कार्यकर्ते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, आपल्या लोकांना मनःस्थिती कधीपासून यायला लागली?"

हे वाक्य मला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप सालगडी होता, आई आजही अंगठा उठवते. खुरपणीला जायची मनःस्थिती आहे की नाही असा प्रश्न आमच्या घरात कोणी कोणाला विचारलेला मी ऐकलेला नाही. मग हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून? तो वर्गातून आला. बी.ए.ला माझा दुय्यम विषय मराठी होता. काव्यशास्त्राच्या तासाला प्रतिभा, स्फूर्ती, दिव्य क्षण यांवर सरांनी आठवडे घालवले आणि आम्ही मुले माना डोलावत टिपणे उतरवत राहिलो. आपण लिहू शकत नाही याचा अर्थ तो क्षण अजून आपल्याकडे आलेला नाही, अशी एक सोयीची समजूत तेव्हाच मनात रुजली असावी.

गंमत अशी की ज्या शास्त्राच्या नावाने हे शिकवले गेले, ते शास्त्र इतके एकांगी नाही. अकराव्या शतकातला मम्मट काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून सांगतो. दंडी तर त्याच्या कितीतरी आधी म्हणून गेला आहे की जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययन आणि परिश्रम यांनी वाणीची कृपा होऊ शकते. आमच्या वर्गात शक्तीवर चार तास झाले आणि अभ्यास एका ओळीत संपला. अर्थात मम्मटाच्या काळी अभ्यासाचा अधिकार कोणाला होता हे वेगळे सांगायला नको. अभ्यास करणाऱ्या एकलव्याकडून गुरूने काय मागून घेतले, ते आपल्याला ठाऊक आहे.

मी इतिहास शिकवतो. त्यामुळे त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधू लागलो. कॉलेजच्या ग्रंथालयात, महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेला 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचा जाडजूड ग्रंथ आहे. मी त्यातून अवतरणे अनेकदा काढली होती. या वेळी अवतरणासाठी नव्हे, तर हे लिहिले कसे गेले असेल ते पाहण्यासाठी तो वाचला.

आपल्या नियतकालिकांचा इतिहास बाबासाहेबांपासून सुरू होत नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वृत्तपत्रांतून लिहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' काढले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे यांची पत्रे पाहा: १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ साली 'विटाळ विध्वंसक', १९१८ साली 'मजूर पत्रिका'. एक पत्र मिटले की दुसरे. वर्गणीदार गरीब, त्यांतले बरेचसे निरक्षर. मग पत्र टिकणार कसे? पण ते बंद पडले म्हणून बनसोड्यांनी लिहिणे बंद केले नाही, नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली. ही चिकाटी आपल्या वाङ्मयेतिहासात कुठल्या प्रकरणात येते? मला तरी ती तळटीपेतच भेटली.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. 'केसरी'ने या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला.

माझे लक्ष वेधले ते 'बहिष्कृत भारता'ने. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. 'बहिष्कृत भारता'चा पहिला अंक ३ एप्रिलचा, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी. कोणी म्हणेल, ही तर स्फूर्तीच. एवढी मोठी घटना घडल्यावर लेखणी आपोआप चालेल. पहिल्या अंकापुरते ते खरे मानू. पण पाक्षिकाला दुसरा अंक असतो, तिसरा असतो, दहावा असतो. तळ्याचे पाणी प्यायल्याची धग दहाव्या अंकाला कशी पुरेल? पुढचे अंक चाळले म्हणजे दिसते की धगीची जागा पद्धतीने घेतली आहे. महाडच्या धर्मसंगराविषयी अस्पृश्य वर्गाची जबाबदारी कोणती, वरिष्ठ हिंदूंची कोणती, इंग्रज सरकारची कोणती, असा एकेक पदर स्वतंत्र अग्रलेखात सोडवला आहे. विषय एका बैठकीत संपवायचा नाही, अंकागणिक त्याचा एक भाग हातावेगळा करायचा. जोडीला 'आजकालचे प्रश्न' आणि 'प्रासंगिक विचार' ही सदरे असतच. सदर म्हणजे काय? काय लिहायचे हे ठरण्याआधीच कुठे लिहायचे हे ठरलेले असणे. रकाना रिकामा दिसतो आणि तो माणसाला लिहायला बसवतो. छापखान्यातला खिळे जुळवणारा मजकुराची वाट पाहत असतो. त्याला लेखकाच्या मनःस्थितीशी कर्तव्य नसते.

आणि हे लिहिणाऱ्याला दुसरे उद्योग नव्हते असे नाही. १९२७ च्या आरंभी ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले होते. वकिली होती, पोटासाठी एका संस्थेत व्यापारी कायद्याचे तास घेणे होते. परळच्या दामोदर हॉलमधले सभेचे कार्यालय होते आणि तिथे गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांची रीघ होती. राहणे चाळीतल्या दोन खोल्यांत. आज मला स्वतंत्र टेबल नाही म्हणून लिहिता येत नाही असे मी बायकोला एकदा ऐकवले होते. ते आठवून लाज वाटली.

परंतु या इतिहासाची आरती करून मला थांबायचे नाही. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी एक लेख लिहिला आहे. 'बहिष्कृत भारता'चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा त्याचा प्रश्नार्थक मथळा आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. पत्र चालवायला पैसा नाही, लोकांकडून येत नाही, त्या अडचणीतून तो लिहिलेला आहे. त्यात स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करून ते हिशेब मांडतात: मदतीला दुसरा लेखक नाही, अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्यालाच लिहून भरावे लागतात. आणि त्याच लेखात दुसरा हिशेब येतो. तो रमाबाईंचा आहे. ते परदेशी असताना संसाराचा भार वाहिलेल्या, हलाखीत डोक्यावरून शेणाचे भारे वाहिलेल्या या बाईच्या सहवासात दिवसाच्या चोवीस तासांपैकी अर्धा तासही घालवता येत नाही, असे ते सांगतात.

चोवीस रकाने आणि चोवीस तास. मी हा लेख पूर्वी दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा रकान्यांची नोंद माझ्या वहीत आली, तासांची आली नाही. लेखकाच्या नियमितपणाचे मोल लेखक एकटा देत नाही. ते घर देते, आणि घरात बहुधा बाई देते. बाबासाहेबांनी हे मोल झाकले नाही, वाचकांसमोर छापून मांडले. आपल्या पुढच्या लेखकांपैकी किती जणांनी असा हिशेब छापला आहे?

इतके करूनही पत्र नियमित निघू शकले नाही. पंधरवड्यांच्या हिशेबाने जेवढे अंक व्हायला हवे होते त्याहून पुष्कळ कमी निघाले आणि १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर ते थांबले. याला मी लेखकाचे अपयश मानत नाही. सवय ही केवळ एका माणसाच्या निर्धाराची गोष्ट असती तर बाबासाहेबांचे पत्र कधीच बंद पडले नसते. तिला वर्गणी लागते, कागद लागतो, टपालहशील लागतो, अंकाची वाट पाहणारा वाचक लागतो. १९३० साली 'जनता' निघाले तेव्हा देवराव नाईकांसारखे सहकारी संपादनाला होते, आणि ते पत्र पंचवीस वर्षांहून अधिक चालून १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. एकट्याच्या चोवीस रकान्यांपेक्षा अनेकांचे दोन दोन रकाने जास्त टिकले, असे मला दिसते.

अण्णाभाऊ साठ्यांबद्दल एक आक्षेप अजूनही खासगीत ऐकू येतो, की त्यांनी पोटासाठी फार लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लावण्या, पोवाडे. सगळे सारखे कसदार कसे असणार? नसेल. पण घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहणारा, शाळेत दीड दिवस बसलेला माणूस पोटासाठी लेखणी निवडतो, हेच आधी अभूतपूर्व नव्हते काय? गिरणीतल्या पाळीसारखे त्यांनी लिहिले आणि त्या रोजच्या पाळीतूनच १९५९ ची 'फकिरा' आली. ती अर्पण केली आहे बाबासाहेबांच्या लेखणीला. व्यक्तीला नव्हे, लेखणीला. हा फरक अण्णाभाऊंनी समजूनच केला असावा असे मी मानतो.

चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते नोकरदार होते. बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली, चरित्रनायक हयात असताना आला; पुढे ते चरित्र बारा खंडांचे झाले. खैरमोडे १९७१ साली गेले. मागे राहिलेल्या लिखाणाचे खंड निघावेत म्हणून पत्नी द्वारकाबाईंनी खटपट केली. पत्रे, कात्रणे, आठवणी जमवत वर्षानुवर्षे चाललेल्या अशा कामाला स्फूर्ती हा शब्द लावून पाहा, तो बसत नाही. त्यांच्या शैलीवर टीका होते. आज बाबासाहेबांवर प्रबंध लिहिणारा कोणीही त्या खंडांवाचून पाऊल टाकू शकत नाही.

आपल्यातल्या काही मित्रांना हे पटणार नाही. ते म्हणतात, आपले लेखन हा उद्रेक आहे, उद्रेकाला वेळापत्रक कसले? मला त्यांचा मुद्दा समजतो. पण उद्रेकावर भिस्त ठेवणाऱ्या कितीतरी जणांचे एकच पुस्तक आले आणि पुढे पस्तीस वर्षे नोकरी आली. अनुभव संपला असे ते सांगतात. अनुभव संपेल कसा? जात संपली काय? तो पाहण्याची आणि मांडण्याची रोजची मेहनत थांबली, असे म्हणणे जास्त प्रामाणिक होईल. हे मी दुसऱ्यांना नाही, स्वतःलाही विचारतो आहे. माझे पुस्तक तर एकही आलेले नाही.

तो निबंध अखेर मी या लेखाच्या रूपाने लिहिला. पहाटे पाच ते सहा बसायचे ठरवले होते. आमच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते, तेही त्याच वेळेला. पहिले दोन आठवडे पाणी बायकोने एकटीने भरले आणि माझी रोज एक पान प्रगती झाली. 'बहिष्कृत भारता'चा तो अंक तिसऱ्यांदा वाचल्यावर मी पाण्याच्या दिवशी हंडे घेऊन खाली जाऊ लागलो. आता पान दिवसाआड होते. उरलेल्या दिवशी त्या तासात ती बसते. बारावीची परीक्षा तिला बाहेरून द्यायची आहे, आणि टेबल अजून एकच आहे.