सी.टी. प्रतिमेतील स्पष्टतेचा इतिहास : गणित, यंत्र आणि रुग्ण

प्रस्तावना :
विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीराचा अंतर्भाग शस्त्रक्रियेविना पाहणे शक्य झाले. मात्र साध्या क्ष-किरण चित्रात पुढील व मागील अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. संगणकाच्या साहाय्याने शरीराचा आडवा छेद दाखविणाऱ्या सी.टी. स्कॅनने ही अडचण दूर केली. या प्रतिमेची स्पष्टता कशी वाढली व त्यासाठी काय मोजावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली प्रतिमा :
इंग्लंडमधील ई.एम.आय. कंपनीचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेतील पहिल्या प्रयोगात एका नमुन्याच्या मापनास ९ दिवस लागले होते. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. ही प्रतिमा ८० × ८०, म्हणजे केवळ ६,४०० चौकटींची होती. प्रत्येक चौकटीची बाजू सुमारे ३ मि.मी. असल्याने बारीक तपशील त्यात दिसणे शक्य नव्हते; तरीही मेंदूतील गाठ ओळखता आली. या कार्यासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

बंगळूरचे योगदान :
स्पष्टतेचा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता. प्रत्येक किरणाचे मापन त्याच्या मार्गावर समान पसरवून सर्व दिशांची बेरीज केली, तर प्रत्येक बिंदूभोवती धूसर वलय उरते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली यावर सुटसुटीत गणिती पद्धत मांडली. मापने पसरविण्यापूर्वीच त्यांवर असा संस्कार करावयाचा, की कडांजवळील ऋण मूल्ये अतिरिक्त धूसरपणा रद्द करतील. ही पद्धत संगणकास सोपी व जलद होती. प्रथिनांच्या रचनेवरील कार्यासाठी ख्यातनाम असलेल्या रामचंद्रन यांचे नाव त्यामुळे या क्षेत्रातही कायमचे जोडले गेले.

स्पष्टतेची किंमत :
परंतु कडा ठळक करणारा हा संस्कार मापनातील यादृच्छिक चढउतारही ठळक करतो व प्रतिमा कणीदार होते. शेप व लोगन यांनी १९७४ साली त्याचे सौम्य रूप सुचविले. आजही हाडे व फुप्फुसे पाहताना तीव्र, तर यकृतासारखे मृदू अवयव पाहताना सौम्य संस्कार निवडला जातो. इतर घटक तेच ठेवून कणीदारपणा निम्मा करावयाचा, तर किरणमात्रा सुमारे चौपट करावी लागते आणि हा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळालेले, क्ष-किरणांचे फोटॉन एकेक करून मोजणारे यंत्र हा पेच सैल करते. त्याचे मापनघटक लहान असून विद्युत-उपकरणातील गोंगाट त्यात वगळला जातो.

निष्कर्ष :
सी.टी. प्रतिमेच्या स्पष्टतेत गणिताचा वाटा यंत्राइतकाच मोठा आहे. तथापि सर्वांत रेखीव प्रतिमा ही प्रत्येक वेळी सर्वांत उपयुक्त प्रतिमा नसते. निदानास पुरेशी स्पष्टता कमीत कमी किरणमात्रेत मिळविणे, हेच या प्रगतीचे खरे मोजमाप होय.