मातेचा शब्द, पुत्राची लेखणी : खानदेशांतील कांहीं घरांची कथा



महोत्सवाच्या तयारीच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें पुन्हां एकवार उघडण्याचा योग आला. दप्तरांत मुख्य वह्या तीन : ज्ञानस्नानाची, विवाहाची आणि मृत्यूची. पहिलींत बालकाचें नांव, आईबापांचें नांव व धर्ममातापित्यांचें नांव. दुसरींत वधूवर व साक्षीदार. तिसरींत मरणाचा दिवस व दफनाची जागा. मनुष्याचें सारें आयुष्य तेथें तीन ओळींत सांठविलेलें असतें. कित्येकदां पहिल्या वहींतील नांव दुसरींत न येतां, कांहीं महिन्यांच्या अंतरानें थेट तिसरींत आढळतें. अशा वेळीं पान उलटणारा हात थोडा थबकतो. त्या रात्रीं त्या घरांत माय काय बोलली, बाप कोणत्या कोपऱ्यांत बसून राहिला, आजीनें कोणत्या शब्दांनीं दोघांस सांवरलें, हें दप्तर सांगत नाहीं. सांगावें अशी त्याच्याकडून अपेक्षाहि नाहीं. परंतु मग तें सांगणार कोण ?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आपल्याच खानदेशाच्या इतिहासांत मला एक गोष्ट ठळकपणें दिसून आली. ती राजेरजवाड्यांच्या इतिहासांतील नव्हे. चुलीजवळच्या, जात्याजवळच्या व शेताच्या बांधावरच्या इतिहासांतील आहे. घरांतील प्रेम व घरांतील दुःख पुढील पिढीच्या हातीं लागतें तें आपोआप नव्हे. ज्या घरांत एखाद्या लेकरानें कान देऊन ऐकलें व ऐकलेलें लिहून ठेविलें, त्याच घराचें लागतें. एरव्हीं तें माणसाबरोबर मातीआड होतें. जळगांव व धुळें या दोन शहरांशीं निगडित अशीं कांहीं उदाहरणें येथें आपणांपुढें ठेवितों.

खानदेश हा पूर्वीं एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें जिल्हे झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा झाला. तापी व गिरणा यांच्या या काळ्या भूमींत, जळगांवजवळच्या आसोदें गांवीं, १८८० सालीं नागपंचमीच्या सणादिवशीं बहिणाबाईंचा जन्म झाला. माहेर महाजनांचें, खाऊनपिऊन सुखी. तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी, असा संसार. वयाच्या तिसाव्या वर्षीं पति निवर्तले. प्लेगच्या दुखण्यानें ओंकार यास कायमचें अपंगत्व आलें. तीन मुलें, शेतीचें काम व मोठें खटलें, असा भार त्या माउलीच्या शिरावर पडला.

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. परंतु जात्याच्या पाळूबरोबर, खुरपणीच्या वेळीं, मळणीच्या खळ्यावर त्यांच्या मुखांतून ओव्या निघत. त्या पुस्तकी भाषेंत नव्हे, तर घरांत बोलल्या जाणाऱ्या लेवा गणबोलींत. पेरणी, कापणी, विहिरीची मोट, माहेरची वाट, आखाजीचा सण, मनुष्याचें चंचल मन, हे त्यांचे विषय. आखाजीस लेकी माहेरीं येतात, झोक्यावर बसतात, गाणीं म्हणतात व चार दिवसांनीं डोळे पुसत सासरीं जातात. खानदेशांतील प्रत्येक घराला हें ठाऊक आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांत तें सारें आहे. वैधव्याचें दुःखहि आहे. मात्र त्यांत रडण्यापेक्षां पुन्हां उभें राहण्याचें बळ अधिक आहे. कपाळीं आलेलें भोगीत असतां त्या बाईनें मुलांना वाढविलें, शेत पिकविलें आणि आपलें दुःख गाण्यांत दळून काढिलें.

हें गाणें वाऱ्यावर जावयाचें. आजवर लाखों स्त्रियांचें गेलें. तें राहिलें याचें कारण, धाकटे चिरंजीव सोपानदेव शाळेंत गेले, स्वतः कवि झाले, आणि त्यांनीं व त्यांचे मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं आईच्या मुखांतील गाणीं जशीं ऐकलीं तशीं उतरवून घेतलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं जळगांवीं बहिणाबाईंनीं देह ठेविला. पुढें ती वही आचार्य अत्रे यांच्या नजरेस पडली, आणि १९५२ सालीं त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाईचीं गाणीं’ हें पुस्तक निघालें. तें पाहावयास आई राहिली नव्हती. आज जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. ज्या बाईला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, तिचें नांव हजारों पदवीपत्रांवर छापिलें जातें. आणि याच्या मुळाशीं आहे एका मुलाची वही.

दुसरी कथा याच जिल्ह्यांतील एका कवीच्या मरणाची, आणि त्याला परक्या घरीं मिळालेल्या आईची आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० सालीं धरणगांवीं झाला. वडील पोलिसांत नोकरीस असल्यामुळें बिऱ्हाड गांवोगांव फिरे. १९०७ सालीं जळगांवीं कविसंमेलन भरलें, तेथें या कोंवळ्या मुलानें आपली कविता म्हटली; अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्याचा ‘बालकवि’ म्हणून गौरव केला. पुढें तो अहमदनगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरीं राहावयास गेला. टिळक हे आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, हें वाचक जाणतातच. परंतु प्रभु येशूवर त्यांनीं मराठींत जें प्रेम केलें, त्याचे आपण सर्वच ऋणी आहों. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं या ठोमऱ्यास पोटच्या मुलासारखें वागविलें. त्याचें रुसणें, हंसणें, हट्ट करणें सारें सोसलें व त्याला जेवूंखाऊं घातलें.

लक्ष्मीबाईंना वियोग नवा नव्हता. १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां त्यांचा संसार मध्येंच दुभंगला. कांहीं वर्षें त्या माहेरच्या माणसांत दुःखानें राहिल्या. पुढें पतीजवळ परत आल्या आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. हा जोडलेला संसार ऐन बहरांत असतां दोन घाव लागोपाठ बसले. ५ मे १९१८ रोजीं जळगांव व भुसावळ यांच्या दरम्यान, भादली स्टेशनाजवळ, बालकवि रेल्वेच्या अपघातांत गेले. वय अवघें सत्तावीस. त्यानंतर सुमारें वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, स्वतः टिळक गेले. मानलेला मुलगा व पति, दोघेहि एका वर्षाच्या अंतरानें हरपले.

येथेंहि पुत्रच पुढें आला. देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आईस आठवणी लिहून काढण्यास सांगितलें. शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या लक्ष्मीबाई लिहूं लागल्या, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ हा मराठीचा अलंकार निर्माण झाला. १९३४ सालीं त्याचा पहिला भाग निघाला, आणि १९३६ सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. पतीनें अपूर्ण ठेविलेलें ‘ख्रिस्तायन’ महाकाव्यहि त्यांनींच पुढें नेलें. खानदेशाचा तो चंचल बालकवि आज आपणांस घरांत वावरणारा, रुसणारा, खोड्या करणारा असा दिसतो, तो या मातेच्या लेखणीमुळें. मुलानें विचारिलें नसतें, तर आई बोलली नसती. आई बोलली नसती, तर तो मुलगा आपणांस केवळ कवितांच्या खालचें एक नांव म्हणून ठाऊक राहिला असता.

तिसरी कथा धुळ्याच्या तुरुंगांतील आहे. १९३२ सालीं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तेथें विनोबा भावे दर रविवारीं सहबंद्यांपुढें गीतेवर प्रवचनें देत असत, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत पूर्वीं शिक्षक असलेले साने गुरुजी तीं भराभर लिहून घेत असत. ‘गीता-प्रवचनें’ म्हणून आज वाचिलें जातें तें पुस्तक याप्रमाणें सिद्ध झालें. इतकें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बोलणारा व लिहिणारा हे दोघेहि मातृवियोगी पुत्र होते, याकडे क्वचितच लक्ष जातें. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळत नसे. मराठींत समजेल अशी गीता तूंच कां करीत नाहींस, असें त्यांनीं मुलास म्हटलें होतें. १९१८ सालीं त्या वारल्या. आईची ती इच्छा मुलानें बारा वर्षें मनांत बाळगिली, आणि १९३० च्या ऑक्टोबरांत लेखणी हातीं घेऊन चार महिन्यांत ‘गीताई’ पूर्ण केली. ती पुस्तकरूपानें निघाली तेव्हां, १९३२ सालीं, विनोबा धुळ्याच्या तुरुंगांतच होते. पुस्तकाच्या नांवांतच आई आहे.

साने गुरुजींच्या मातोश्री यशोदाबाई कोंकणांत पालगड येथें १९१७ सालीं वारल्या. त्या वेळीं मुलगा शिक्षणासाठीं दूर होता. शेवटची भेट झाली नाहीं. ही रुखरुख त्यांच्या मनांत सोळा वर्षें घर करून राहिली. धुळ्यास दुसऱ्याचे शब्द टिपणारा तोच हात १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत आपल्या आईचे शब्द लिहूं लागला. अवघ्या पांच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. त्यांत मोठी घटना एकहि नाहीं. पायाला घाण लागूं नये म्हणून जपणारा मुलगा, मनालाहि तसेंच जप म्हणणारी आई, कर्ज, दारिद्र्य, आणि धाकट्या भावंडांचें प्रेम, इतकेंच. परंतु महाराष्ट्रांतील घरोघरीं तें पुस्तक वाचून लोक रडले. कारण प्रत्येकास त्यांत आपली आई भेटली.

आपल्या पवित्र परंपरेंतहि अशी एक माता आहे. संत मोनिका हिनें आपला पुत्र ऑगस्टिन याच्यासाठीं कित्येक वर्षें अश्रु ढाळिले. ३८७ सालीं रोमजवळच्या ओस्तिया बंदरांत, जन्मभूमीपासून दूर, ती मरण पावली. माझा देह कोठेंहि पुरा, त्याची चिंता करूं नका. वेदीजवळ माझी आठवण मात्र ठेवा, असें तिनें मुलांस सांगितलें. ही गोष्ट ऑगस्टिननें आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथांत लिहून ठेविली, म्हणूनच सोळा शतकांनंतरहि आपणांस ती ऐकूं येते. थोर पंडित झालेल्या त्या मुलास आपल्या अल्पशिक्षित आईचे शब्द लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. माझी आई नगर जिल्ह्यांतील खेड्यांत पहांटे जात्यावर ओव्या म्हणत असे. भावाची ओवी, सासुरवासाची ओवी, आणि प्रभु येशूच्या गाईगोठ्यांतील जन्माची ओवी. जात्याच्या घरघरींत मला झोंप लागे व तिच्या आवाजानें जाग येई. पुढें मी सेमिनरींत गेलों. तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरविज्ञान शिकलों, लॅटिन धातु पाठ केले, परदेशीं पंडितांचीं मतें वह्या भरभरून लिहून काढिलीं. सुटींत घरीं येई तेव्हां आई गात असे, आणि मी पुस्तक उघडून बसें. तिच्या दोनशें ओव्यांपैकीं आज मला सहा आठवतात, त्याहि अर्धवट. तिच्या दफनविधीच्या वेळीं मीं उत्तम प्रवचन केलें, असें लोक म्हणाले. त्यांत तिचा स्वतःचा शब्द एकहि नव्हता. वही होती, लेखणी होती, वेळहि होता. ऐकावें हें सुचलें नाहीं. सोपानदेवांचें जें भाग्य, तें माझ्याहि दाराशीं आलें होतें.

म्हणून, बंधुभगिनींनो, या महोत्सवाच्या वर्षीं आपणांस एक विनंति आहे. दप्तराच्या तीन वह्यांशेजारीं यंदां आपण चौथी वही ठेवूं या. ती कोरी आहे. तरुणांनीं आपल्या आजीआजोबांजवळ, आईवडिलांजवळ बसावें. ते कोणत्या गांवाहून या भागांत आले, कोणाच्या आधारानें राहिले, पहिलें घर कसें बांधलें, कोणतें लेकरू गेलें व त्याचें नांव काय ठेविलें होतें, लग्नांत कोणतीं गाणीं म्हटलीं, संकटाच्या रात्रीं कोणती प्रार्थना केली, हें विचारावें. जें उत्तर मिळेल तें त्यांच्याच बोलींत लिहावें. बोली शुद्ध करूं नये. बहिणाबाईंच्या मुलानें ती केली नाहीं, म्हणूनच आई त्या गाण्यांत जिवंत राहिली. कोणी अश्रु गाळील, कोणी कांहीं सांगावयाचें टाळील. त्याचाहि मान राखावा. जें सांगितलें तेवढेंच लिहावें.

पवित्र मरियेनें आपल्या पुत्राविषयींच्या साऱ्या गोष्टी अंतःकरणांत सांठवून ठेविल्या होत्या, असें शुभवर्तमानकार लूक सांगतो. माता सांठवितात, हें खरें. परंतु त्यांच्या अंतःकरणाशेजारीं जाऊन बसणारें कोणी तरी लागतें. ज्यांच्या आई अजून आहेत, त्यांनीं आज संध्याकाळींच बसावें. ज्यांच्या नाहींत, त्यांनीं आपणांस जें आठवतें तें, अर्धवट असलें तरी, उद्यां सकाळीं मिस्सेनंतर घेऊन यावें. चौथ्या वहीचें पहिलें पान मीं लिहिलें आहे. त्यावर सहा ओव्या आहेत.

प्रभु आपल्या सर्व मृतांस शाश्वत विश्रांति देवो, आणि जिवंतांस एकमेकांचें ऐकण्याची बुद्धि देवो.

आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरु